तळ्याच्या खालची अकरा घरं

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पूर्वी रस्तेखात्यात आरेखक, म्हणजे नकाशे काढणारा, हल्ली काहीच न करणारा, माझ्या घराच्या पुढच्या खोलीत बसून हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. हात थोडा कापतो, पण तो चहाच्या आधी. हे मी चहा झाल्यावर लिहीत आहे. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. दडपण आणू शकेल अशी एकच व्यक्ती होती, माझी बायको, आणि तिला जाऊन चार वर्षं झाली. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, तेव्हा रद्द करायलाही काही नाही.

वकीलबाई म्हणाल्या, "काका, मी टाईप करून देते, दोन पानांत होईल." मी म्हटलं, बाई, अक्षरावर पोट भरलेला माणूस मी, हे मीच लिहिणार. आणि दोन पानांत काही होणार नाही. यात एक गोष्ट अशी आहे, की जी मी माझ्या मोठ्या बहिणीला एकतीस वर्षं सांगितलेली नाही, आणि ती सांगितल्याशिवाय मला या घराची व्यवस्था लावता येत नाही. मी गेल्यावर वकीलबाईंनी हे ताईला वाचून दाखवावं. ती मला माफ करेल की नाही, हे मला तेव्हा कळणार नाही. खरं सांगायचं तर म्हणूनच तसं ठरवलं आहे.

कलम पहिले. हत्यारे. माझी कंपासपेटी, शाईची सगळी पेनं, मोजपट्ट्या, दोन्ही गुण्ये आणि उतरतं टेबल हे सर्व माझ्या भाचीला, म्हणजे ताईच्या मुलीला द्यावं. ती इमारतींचे नकाशे संगणकावर काढते, तेव्हा तिला यातल्या कशाचाही उपयोग नाही. ती "मामा, अहो हे काय" म्हणून हसेल. हसू दे. मोठ्या कंपासाच्या सांध्याला वर्षातून एकदा तेलाचा थेंब सोडावा, एवढीच अट.

लाकडी टी-स्क्वेअर माझ्याकडे नाही. तो ऑफिसातल्या मुंगळ्याने दोन दिवसांसाठी म्हणून नेला, त्याला बावीस वर्षं झाली. मुंगळा म्हणजे आमचा हेडक्लार्क, चिकटला की सुटायचा नाही म्हणून हे नाव. त्याच्याकडून तो परत मिळवता आला तर तोही भाचीचा. नाही मिळाला तर त्याला लखलाभ. मरताना मी एवढ्यातेवढ्याचा राग ठेवत नाही, पण विसरलेलो नाही हे त्याला कळवावं.

कलम दुसरे. किरकोळ. सायकल पेपरवाल्याला. रेडिओ शेजारच्या चष्मेवाल्यांना. ते सकाळी उठल्यापासून शिट्टीवर गाणी म्हणतात, निदान रेडिओ लागला तर सूर तरी कळेल. हिची पुस्तकं हिच्या शाळेला. हिचा चष्मा टेबलाच्या वरच्या खणात आहे, तो कोणी टाकू नये, भाचीने स्वतःकडे ठेवावा. मी अधूनमधून तो काढून पुसतो. चार वर्षांत त्यावर धूळ बसू दिलेली नाही.

कलम तिसरे. ठेव. बँकेत जे काही शिल्लक असेल त्यातून आधी माझं औषधपाणी आणि शेवटचा खर्च भागवावा, उरेल ते भाचीचं. फार काही उरणार नाही. तिने मामाकडून मोठ्या आशा ठेवलेल्याही नाहीत, गुणी मुलगी आहे.

कलम चौथे. घर. हे घर, त्याच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर, गच्ची आणि मागचं हातभर अंगण, माझ्या नावावर आहे. वकीलबाईंच्या कच्च्या खर्ड्यात "माझी स्वकष्टार्जित मिळकत" असं होतं. तो शब्द मी खोडला. विटा माझ्या आणि हिच्या पगारातून आल्या, पण खालची जमीन मला कष्टाने मिळालेली नाही. ती गप्प बसल्याबद्दल मिळाली. गप्प बसायलाही कष्ट पडतात, पण कायद्यात ते धरत नसावेत.

ताईबद्दल आधी सांगतो. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा आणि ताई बाराची. तिने मला न्हाऊमाखू घातलं, मारलं, शिकवलं, आणि माझी पहिली कंपासपेटी तिने रोपं विकून घेतली. रोपं हाच तिचा धंदा. लग्न होऊन ती तळ्याच्या खालच्या अंगाला राहायला गेली. तिथे अकरा घरांची एक रांग होती, त्यातलं सातवं तिचं. पुढे दोन खोल्या, मागे रोपांच्या कुंड्या, पिशव्या, वाफे. नवरा लवकर गेला, पण त्या वाफ्यांवर तिने मुलगी वाढवली.

एकतीस वर्षांपूर्वी आमच्या खात्याने पुलापासून रेल्वेच्या फाटकापर्यंत नवा मोठा रस्ता करायचं ठरवलं. दोन्ही टोकं पक्की होती, मध्ये तळं. रस्ता तळ्याला वळसा घालणार, प्रश्न एवढाच की वरून घालायचा की खालून. वरच्या अंगाला खडकाळ सरकारी माळ, तिथे शेळ्यासुद्धा नाइलाजाने जायच्या. खालच्या अंगाला ती अकरा घरं आणि त्यांच्या मागे शेतं. मुख्य अभियंत्यांनी महिनाभर मोजणी करून रस्ता वरून नेला. कोणाचंही घर जात नव्हतं. ती रेघ मी काढली, आणि आजही सांगतो, सुरेख होती.

मंत्रिमंडळाचा निर्णय होईपर्यंत असा नकाशा गुप्त असतो. पण एके दिवशी रस्तेमंत्र्यांच्या सचिवाचा निरोप आला, की साहेबांना बघायचा आहे, एक प्रत काढा, बोभाटा नको. कागद कोणाच्या हाती लागला तर काही कळू नये म्हणून त्यावर एकही अक्षर नको, तळं नको, दिशेचा बाणही नको. फक्त दोन ठिपके, पुलाचा मोठा आणि फाटकाचा बारीक, आणि मधली रेघ. हे नियमात बसत नव्हतं. पण मंत्र्याला नाही म्हणणारा आरेखक मी पाहिलेला नाही, आरशात तर मुळीच नाही.

तेव्हा पारदर्शक कागदावर शाईने काढलेला नकाशा प्रतीच्या कागदावर ठेवून यंत्रातून फिरवत असू. शाईची बाजू वर ठेवायची, हे नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतात. कागद पालथा पडला तर प्रत आरशातल्यासारखी उलटी निघते. एरवी अक्षरंही उलटी दिसतात, शेंबडं पोरसुद्धा ओळखेल. या कागदावर अक्षरच नव्हतं. यंत्रातल्या अमोनियाच्या वाफेने डोळ्यांना धार लागली होती, ताईकडे जेवायला जायला उशीर होत होता, आणि मी कागद पालथा घातला. तळ्याच्या वरचं वळण खाली गेलं. एवढी लपवाछपवी केली नसती तर चूक तिथल्या तिथे सापडली असती.

साहेबांनी ती प्रत घरी गावाच्या नकाशावर ठेवून पाहिली असणार. कारण पुढच्या पंधरा दिवसांत त्यांच्या मेव्हण्याने अकरा घरांमागची शेतं भराभर विकत घेतली. विकणारे खूश होते, येडं गिऱ्हाईक सापडलं म्हणून. हा गडी शेतं घेत नसून उद्याच्या रस्त्याची कड घेतो आहे, हे त्यांना कुठून कळणार?

मग मंत्रिमंडळापुढे ठेवायचा खरा नकाशा साहेबांच्या सहीला गेला, आणि त्यात रस्ता तळ्याच्या वरून निघाला. मला बोलावणं आलं. साहेब कधी आवाज चढवत नसत. लोक त्यांना पाठीमागे साखरतोंड्या म्हणत.

"काय हो," ते म्हणाले, "तुमचे रस्ते कूस बदलतात का?"

त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले होते. "साहेब, हा नकाशा बरोबर आहे. आधीची प्रत उलटी निघाली. चूक माझी."

"कुठली प्रत?"

"ही, साहेब. तुमच्या समोरची."

"मी कुठलीही प्रत पाहिलेली नाही. निर्णयाआधी मंत्री नकाशा पाहत नसतो." आणि मग अगदी मायेने, "चूक तुमची ना? मग दुरुस्त करा."

"पण साहेब, मग रस्ताच..."

"रस्ता आहे कुठे अजून? कागदच तर आहे. आणि गुप्त प्रत काढून बाहेर देणाऱ्याची नोकरी जाते, हे तुम्हाला माहीत असेलच. घरी कोण कोण असतं तुमच्या?" त्यांनी उलटी प्रत माझ्याकडे सरकवली. "हे जाळून टाका."

मी घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, "अहो, नका काढू ती रेघ. माझा पगार आहे, दोन वेळचं निघेल आपलं." मी म्हटलं, मी नाही काढली तर दुसरा कोणी काढेल. हे वाक्य भलतं सोयीचं असतं. मी ती काढली.

नकाशात ताईचं घर तांदळाच्या दाण्याएवढं होतं, आणि रेघ बरोबर त्याच्यावरून जात होती. मी वळण केसभर आत घेऊन तेवढं घर वाचवायला पाहिलं. मुख्य अभियंत्यांनी लगेच बोट ठेवलं, "वळण मोडतंय इथे. नीट करा." ते माझ्याकडे बघत नव्हते. मी नीट केलं. फाईलमध्ये कारण लिहिलं गेलं की वरच्या अंगाला खडक असल्यामुळे खर्च वाढतो. जसा काही खडक त्या आठवड्यात उगवला होता.

दीड महिन्याने ताई नोटीस घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "बारक्या, तू त्याच खात्यात. नीट बघ रे जरा, काहीतरी चुकलं असेल." मी तिला चहा करून दिला. नोटीस दोनदा वाचली आणि म्हटलं, "काही चुकलेलं नाही, ताई."

"तू बघितलंस ना, मग झालं," असं म्हणून तिने नोटीस घडी करून पिशवीत ठेवली. रांगेतले बाकीचे लोक कोर्टात जायचं म्हणत होते. ताईने घरोघर जाऊन त्यांना समजावलं की उगाच पैसे घालवू नका, माझा भाऊ त्याच खात्यात आहे, त्याने स्वतः बघितलंय, सगळं नियमाने आहे. कोणीही कोर्टात गेलं नाही. अकराही घरं पडली.

वर्षाच्या आत मला बढती मिळाली, आणि कर्मचारी वसाहतीच्या यादीत माझं नाव चाळिसावं असताना हा प्लॉट मिळाला. ही या घरात राहायला आली तेव्हा तिने फक्त एवढंच विचारलं, "ताईंना कधी सांगणार?" पुढे सत्तावीस वर्षं ती दर काही महिन्यांनी म्हणायची, "अहो, सांगून टाका ना एकदाचं." मी म्हणायचो, सांगू. तिच्या शेवटच्या आजारातही म्हणाली. मी तेव्हाही सांगू म्हटलं.

ताई आता तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहते आणि खिडकीच्या ग्रिलमध्ये तेलाच्या डब्यांत रोपं लावते. एक्क्याऐंशीव्या वर्षी. म्हणून हे घर मी तिला देतो. मागचं अंगण हातभरच आहे, पण ते जमिनीवर आहे. ताई, मी तुझा अपराधी आहे. मला शक्य असतं तर मी तुला तेच सातवं घर दिलं असतं, वाफ्यांसकट.

कलम पाचवे. पत्र्याची नळी. ती प्रत मी जाळली नाही. कपाटावर नकाशे ठेवायची पत्र्याची नळी आहे, तिच्यात ती आहे. साहेबांना एक खोड होती, कुठलाही कागद समोर आला की कोपऱ्यात "पाहिले" असं लिहून सही ठोकायची आणि तारीख घालायची. या प्रतीवरही त्यांनी ती घातली आहे. मंत्रिमंडळाच्या निर्णयाच्या पंचवीस दिवस आधीची, आणि मेव्हण्याच्या पहिल्या खरेदीच्या दोन दिवस आधीची. न पाहिलेल्या कागदावर "पाहिले" असं लिहिणारा मंत्री मी तो एकच पाहिला. साहेब हयात आहेत, सत्कार घेतात, तरुणांना सचोटीवर भाषणं देतात. मेव्हण्याच्या शेतांवर पेट्रोलपंप आहे, दुकानांची रांग आहे. माझ्या मृत्यूनंतर वकीलबाईंनी ही नळी एखाद्या वर्तमानपत्राच्या संपादकाकडे द्यावी.

वकीलबाईंनीच या मृत्युपत्राची अंमलबजावणी करावी.

पुरवणी, त्याच हाताने, त्याच दिवशी. वरचं सगळं लिहून मी आज दहा वाजता सही करणार होतो. वकीलबाई आणि चष्मेवाले साक्षीला आले होते. इतक्यात ताई आली. रविवारी ती एरवी संध्याकाळी येते. आज म्हणे रिक्षावाला लवकर मिळाला.

"काय लिहितोयस एवढं?"

"मृत्युपत्र."

"वाच."

"ताई, ते माणूस मेल्यावर वाचतात."

"अरे, तुझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी आहे मी. तुझ्याआधी मीच जायची. मग मी ऐकणार कधी?"

शपथेवर सांगतो, हा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता. वकीलबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. मी वाचलं. अगदी पहिल्या ओळीपासून, मुंगळ्यासकट. रेघ केसभर सरकवल्याचं आलं तेव्हा तिने एकदाच मला थांबवलं. "म्हणजे माझं वाचवून बाकीची दहा पाडणार होतास?" मी मान खाली घालून पुढे वाचलं. "ताई, मी तुझा अपराधी आहे" इथे मला पुढचं वाचवेना, मी रडलो. ती रडली नाही. बराच वेळ ती हातातल्या पिशवीचे बंद सारखे करत बसली.

मग म्हणाली, "त्या दिवशी चहात दोन चमचे साखर घातली होतीस तू. मला साखर चालत नाही, तुला माहीत होतं. वाटलं, बायकोशी भांडलेला दिसतोय."

मी म्हटलं, "ताई, घर तुझ्या नावावर..."

"नको मला. या जमिनीवर मला झोप लागायची नाही."

"मग काय देऊ तुला?"

"मला एकटीला काय देतोस, बारक्या? अकरा घरं होती. आणि त्या दहा जणांना कोर्टात जाऊ नका असं मी सांगितलं. माझा भाऊ माझ्याशी खोटं बोलायचा नाही, असं म्हणाले होते मी. घरोघर जाऊन."

एकतीस वर्षं मी एकाच घराचं दुःख उराशी धरून बसलो होतो, कारण ते माझ्या बहिणीचं होतं. बाकीच्या दहांची मला नावंसुद्धा आठवत नाहीत. ताईला सगळी पाठ आहेत, कोण कुठे राहायला गेलं तेही.

"आणि ती नळी म्हणे तू मेल्यावर उघडायची," ती म्हणाली. "वा रे वा! म्हणजे तू सुटलास. कोणाला तुला चार शिव्या घालायच्या असतील तर काय फोटोला घालायच्या?"

"ताई, मला माफ केलंस का?"

"ते नंतर बघू. आधी चप्पल घाल. रविवार आहे, सगळे घरी सापडतील."

तेव्हा वरच्या मजकुरात असे बदल करतो. कलम चौथ्यातील घर ताईला न देता, त्या रांगेतील बाकीच्या दहा घरांच्या मालकांना अथवा त्यांच्या वारसांना सारख्या हिश्शाने द्यावं. दहा जणांची यादी ताईने सांगितली, वकीलबाईंनी उतरून घेतली, ती सोबत जोडली आहे. कलम पाचवे संपूर्ण रद्द. नळी मी आजच उघडणार आहे, आधी त्या दहा दारांत आणि उद्या संपादकाकडे. नकाशा उलटा कसा पडला हे मी स्वतः सांगेन, आणि ज्याला जे बोलायचं असेल ते ऐकून घेईन. चौकशी झाली तर तिथेही हेच सांगेन. माझ्यावर जी काही कारवाई होईल ती व्हावी. भीती वाटते, हे लपवत नाही.

सही करायच्या वेळी चष्मेवाल्यांनी पेन उचललं. ताई म्हणाली, दुसरी साक्ष मी करते. वकीलबाई म्हणाल्या, "आजी, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये." ताईने विचारलं, "आता मला यातून काही मिळतंय का?" वकीलबाईंनी दोनदा कागद वाचून पाहिला. "नाही, आजी. काहीच नाही."

"मग आण ते पेन," ताई म्हणाली.

लिहून देणारा: सही. पूर्वीचा आरेखक.

साक्षीदार पहिले: सही. शेजारचे चष्मेवाले. रेडिओवरचा हक्क त्यांनी साक्षीसाठी आनंदाने सोडला आहे.

साक्षीदार दुसरी: सही. मोठी बहीण, वय एक्क्याऐंशी, तळ्याच्या खालच्या रांगेतलं सातवं घर. लिहून देणाऱ्याने माझ्यासमोर, पूर्ण शुद्धीत, खरं सांगून सही केली. हे शेवटचं वाक्य तिने स्वतः सांगून लिहून घेतलं.

ठिकाण: घराची पुढची खोली, दार उघडं.

दिनांक: अठरा जानेवारी, रविवार, सकाळचे अकरा.